कंट्रोल सेटमधला डावा पुढचा

मित्रांनो, कडेची नक्षी साफ गेलेली आणि मधली नावाला उरलेली, असा एखादा काळा म्हातारा टायर कुठे पडलेला दिसला तर त्याला लाथ मारू नका. तो मी असू शकतो. आज मी माझी हकीकत सांगायला बसलो आहे. बसलो आहे म्हणजे आडवा पडलो आहे. टायराचं बसणं आणि पडणं एकच. सांगताना अधूनमधून थोडी हवा जास्त भरली जाईल. ती कुठे भरली आहे ते हुशार मुलांना कळेल. बाकीच्यांनी नुसती मान डोलवावी.

माझा जन्म कारखान्यातला. रबर, काजळी, गंधक, तारा आणि धागे एकत्र आले आणि त्यातून एक गुळगुळीत, बावळट दिसणारं पिंप तयार झालं. तो कच्चा मी. मग मला साच्यात घालून वाफेवर भाजलं. तिथेच नक्षी उमटली, आणि जी काही अक्कल आहे तीही तिथेच आली. साच्यात इतका उकाडा होता, की बाहेर काढल्याबरोबर मी शेजारच्या भट्टीत जरा वारा खाऊन आलो.

आमच्यात घराणी असतात. काही टायर आयुष्यभर दूध आणि भाजी वाहतात. काही फक्त शर्यतीत पळतात; त्यांना साध्या रस्त्यावर पाऊल टाकायची परवानगी नसते. माझं घराणं मधलं. आठवडाभर रस्त्यावर सभ्यपणे चालायचं आणि सुट्टीच्या दिवशी मालकाने ट्रॅकवर नेलं की अंगात येऊ द्यायचं. आमचं रबर मऊ असतं, कुशी, म्हणजे बाजूच्या भिंती, ताठ असतात आणि स्वभाव थोडा तापट असतो.

तुम्हाला वाटेल, मी शर्यती जिंकल्या असतील. एकही नाही. मी आणि माझे तीन भाऊ असे चौघे एका परीक्षेच्या मैदानावर गेलो आणि तिथे आम्हाला वेगळंच काम मिळालं.

त्या मैदानावर टायरांची परीक्षा होत असे. एका बाजूला वळणावळणाचा ट्रॅक होता. तिथे टायर तापून तापून किती वेळ टिकतो ते बघत. दुसऱ्या बाजूला भलंमोठं डांबरी पटांगण. त्यावर नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट करत आणि त्या वाटेने गाडी एकटीच पळवत. या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात. तिथे फेरी मिनिटभरात संपते, त्यामुळे टायराला तापायला सवडच नसते. पहिल्याच वळणावर पकडावं लागतं. काही टायर ट्रॅकवर शूर आणि शंकूंमध्ये भित्रे असतात. काही शंकूंमध्ये वाघ आणि ट्रॅकवर पाचव्या फेरीला लोणी. मी पहिल्यांदा पळालो तेव्हा डांबर इतकं घट्ट पकडलं, की वीतभर रस्ता माझ्याबरोबर पुढे सरकला. तो मग माणसं लावून परत जागेवर बसवावा लागला.

असो. आता आमचं काम सांगतो. दिवसभरात चार-पाच कंपन्यांचे टायर पळवायचे म्हटलं, की एक अडचण येते. सकाळचं डांबर थंड असतं, दुपारचं तापलेलं. सकाळी पळालेला टायर हळू ठरला, तर दोष टायराचा की सकाळचा, हे कसं ठरवायचं? म्हणून एक सेट असा ठेवतात, की त्याचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक असतो. तो सकाळी पळवतात, मधे पळवतात, शेवटी पळवतात. तो जितका बदलला तितका दिवस बदलला, असा हिशोब. दुकानदाराच्या तराजूतलं वजन असतं ना, तसं. वजन कधी विकलं जात नाही, पण सगळा माल त्यावरच विकला जातो. या सेटला तिथे कंट्रोल म्हणत. तो आम्ही. मी डावा पुढचा.

कंट्रोलचं कौतुक कोणी करत नाही. तो कालसारखाच वागला, एवढीच त्याची शाबासकी. मला सुरुवातीला याचा राग यायचा. मग झीज झाली आणि राग गेला.

आता तिथली माणसं सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ व्हायला नको. गाडी चालवायच्या त्या ताई. पन्नाशीच्या, बुटक्या, सीटवर उशी घेऊन बसणाऱ्या. आकडे मोजायचे ते साहेब. साहेब म्हणजे ताईंचे यजमान. संगणकावर आकडा आला की यांचा चेहरा हलायचा, एरवी नाही. शंकू मांडायला आणि पडलेले उभे करायला ताईंची धाकटी जाऊ. ती स्वतः गाडी झकास चालवायची. रिकाम्या वेळी एक-दोन फेऱ्या मारायची आणि पुन्हा शंकू उचलायची. तिच्या नवऱ्याने एकदा इथे गाडी चालवली, तेव्हा एक शंकू गाडीखाली अडकला आणि तसाच घरापर्यंत गेला. तो अजून त्यांच्या जिन्यात आहे, त्यात छत्र्या ठेवतात. चौथा पहिलवान. याला पहिलवान म्हणत, कारण तो काडीसारखा होता. टायर रिमवर चढवायचे, हवा भरायची, चाकं बदलायची, हे सगळं त्याचं काम.

परीक्षेत चालकाला कुठला टायर लावला ते सांगत नाहीत. नाव कळलं की मत तयार होतं. म्हणून पहिलवान प्रत्येक टायराच्या नावावर काळी चिकटपट्टी लावायचा आणि चाकं बदलेपर्यंत ताई गाडीतच बसून सरळ समोर बघायच्या. उतरायचं नाही, आरशात डोकवायचं नाही. फेरी झाली की टायर कसा वाटला ते सांगायचं. आणि दरवेळी, कुठलीही पट्टी असली तरी, आम्ही लागलो की ताई स्टिअरिंगवर दोन बोटं वाजवून म्हणायच्या, "हे आपले घरचे. पुढचा आणा." कधी चूक नाही. पावसात नाही, उन्हात नाही. एकदा तर आम्ही अजून रिमवरही चढलो नव्हतो, तेव्हाच त्यांनी ओळखलं. इथे मान डोलवा.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो दिवस. सकाळी शेडमध्ये पहिलवान आमच्यात हवा भरत होता. ताई बाहेर, शंकूंच्या वाटेवरून पायी फिरून वळणं डोक्यात बसवत होत्या. साहेब जाऊबाईंना हळूच म्हणाले, "हेल्मेट आणलंस?"

"डिकीत आहे," जाऊबाई म्हणाल्या. "पण भाऊजी, ताईंना सांगितलंत का?"

"आज कंट्रोलच्या फेऱ्या सांगतील. डांबर तापल्याचा फरक वजा करून सकाळची आणि दुपारची जुळली, तर तीच चालवेल. नाही जुळली, तर पुढच्या महिन्यापासून तू."

"आकड्यांना कशाला मधे घालताय? तुम्हीच विचारा की. घरी रोज भेटता."

"भेटतो," साहेब म्हणाले. "बोलतो असं कोण म्हणालं."

पहिलवानाने कॉम्प्रेसर चालू केला, म्हणजे त्याला काही ऐकू आलं नाही असं दिसावं. पण कॉम्प्रेसर चालू व्हायच्या आधी जे बोलणं झालं, ते त्याने ऐकलं होतं आणि मीही.

भानगड अशी होती. गेले काही महिने ताईंच्या फेऱ्या पूर्वीसारख्या एकाला एक जुळत नव्हत्या. फरक नखाएवढा, पण या धंद्यात नखावरच सगळं चालतं. चालकच बदलत असेल, तर टायर बदलला की माणूस हे कळायचं कसं? ताईंना ती खुर्ची सोडायची नव्हती. त्यांच्या मते दुसरा कोणी त्या उशीवर बसलाच, तर उशी त्याला फेकून देईल.

सकाळी आम्ही पळालो. ताईंनी दोन बोटं वाजवली. घरचे. साहेबांनी आकडा बघितला आणि मान हलवली. मग आम्हाला उतरवलं आणि एकेक नवा सेट चढू लागला. शेडमध्ये परीक्षेच्या टायरांची इतकी दाटी झाली होती की पाय ठेवायला जागा नव्हती. पहिलवानाने आमचे दोन ढीग केले, डावे दोघे एकावर एक आणि उजवे दोघे एकावर एक. डाव्या-उजव्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून तो नेहमीच असं करायचा. उजव्यांचा ढीग दाराच्या आत बसला. आमचा डाव्यांचा बाहेर, भिंतीला टेकून, पत्र्याच्या वळचणीखाली. तेव्हा तिथे सावली होती.

सावलीला उभं राहायची सवय नसते. ती सरकली. पहिलवान आत चाकं आवळत होता. माझ्या अंगावर ऊन आलं, मग मागच्या भावाच्या, मग दोघांच्या सगळ्या अंगावर. काळ्या रबराला ऊन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मी इतका तापलो, की माझ्यावर बसायला आलेली माशी हवेतच थांबली, दोन क्षण विचार केला आणि चालत परत गेली. मधेच जाऊबाई पाणी प्यायला आल्या, दमून ढिगावर कोपर टेकलं आणि "आई गं" म्हणून उठल्या. बाटली घेतली आणि परत शंकूंकडे गेल्या.

जेवण झाल्यावर पहिलवान हवा मोजायचा काटा घेऊन आला. चौघांची हवा बघितली. उजवे बरोबर होते. आम्ही डावे चढलेले. उन्हाने आतली हवा फुगली होती, एवढंच. पण काटा एवढंच सांगतो की चढली आहे. का चढली ते सांगत नाही. पहिलवानाने माझ्या व्हॉल्ववर नख दाबलं आणि चार टायर सारखे होईपर्यंत हवा सोडली. मला तोंड म्हणून एक व्हॉल्वच आहे, आणि त्यातून आयुष्यात सुस्काऱ्यापलीकडे काही निघालेलं नाही. तेव्हाही तेच निघालं. मग त्याने खडू घेऊन प्रत्येकाच्या कडेवर आडव्या पांढऱ्या रेघा ओढल्या. ही तिथली पद्धत. वळणावर टायर जितका कुशीवर लोळतो तितका खडू पुसला जातो. फेरी झाली की रेघा बघायच्या, कोण किती लोळला ते कळतं. कंट्रोलच्या रेघा मात्र कोणी बघत नसे. ज्याचं सगळं ठाऊक आहे त्याचं काय बघायचं?

पट्ट्या लावल्या, आम्हाला चढवलं आणि ताई निघाल्या. डावीकडे वळताना भार उजव्या भावांवर येतो. तिथे ठीक होतं. उजवीकडे वळताना तो आमच्यावर आला. ताई शंकूंमधून लागोपाठ चकरा मारत होत्या, त्यामुळे एव्हाना चौघेही सारखेच तापले होते, पण आमच्यातली हवा आधीच कमी केलेली. कूस दुमडली. मी तळावर उभा राहायचं सोडून कडेवर लोळलो. गाडी आधी बसली, मग वळली. प्रत्येक उजव्या वळणाला तेच.

फेरी संपवून ताईंनी काच खाली केली. दोन बोटं वाजली नाहीत.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"आधी कसा वाटला ते सांग," साहेब म्हणाले.

"डावीकडे बरा आहे. उजवीकडे नुसता बसतो. स्टिअरिंग फिरवलं की आधी विचार करतो, मग चार जणांचा सल्ला घेतो, मग वळतो. ज्याने केलाय त्याला सांगा, अजून थोडे दिवस घरीच ठेव म्हणावं."

साहेबांच्या समोरच्या पडद्यावर जो आकडा होता तो सकाळपेक्षा चांगलाच मोठा होता, म्हणजे गाडी हळू गेली होती. ताईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"अहो, काय झालं?"

"हा कंट्रोल होता."

"चेष्टा करू नका."

"पहिलवान, पट्टी काढ."

पहिलवानाने माझ्या अंगावरची चिकटपट्टी ओढली. खाली माझं नाव होतं. ताई गाडीतून उतरल्या, माझ्यासमोर आल्या आणि बघत राहिल्या. इतकी वर्षं ज्यांनी मला डोळे मिटून ओळखलं, त्या आता उघड्या डोळ्यांनी मला वाचत होत्या. मला काय वाटलं असं विचाराल, तर टायराला फार काही वाटत नाही. त्याला भार कळतो, आणि तो कुठल्या बाजूला आहे ते कळतं.

"उजवीकडे बसतो म्हणालीस," साहेब सावकाश म्हणाले. "टायराला उजवं-डावं कळत नाही. खांद्याला कळतं."

"कुठल्या खांद्याला?"

"तुझ्या उजव्या. तू हल्ली कुकर डाव्या हाताने उतरवतेस. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल घेतेस. ओढणी पिनेने लावायला जावेला बोलावतेस."

ताई म्हणाल्या, "म्हणजे सगळं बघता."

"बघतो."

"आणि विचारत नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग जाऊबाईंना म्हणाले, "डिकीतलं हेल्मेट आण."

मित्रांनो, पुढचं जे झालं त्यात मी तिळभरही हवा भरलेली नाही. जाऊबाई गाड्यांकडे गेल्या. शेडच्या भिंतीजवळून गेल्या आणि तिथे क्षणभर थांबल्या. दाराच्या आत, जिथे उजवा ढीग होता, तिथे अजून गार अंधार होता. बाहेर, जिथे आम्ही होतो, तिथे फरशीवर ऊन पसरलं होतं. त्या पुढे गेल्या, डिकी उघडली, हेल्मेट काखेत घेतलं आणि परत आल्या. हेल्मेट नवं होतं. त्याच्या आतलं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. कित्येक वर्षं शंकू उचलून त्यांनी ते मिळवलं होतं आणि आता गाडीचं दार त्यांच्यासमोर उघडं होतं. एक शब्द बोलायची गरज नव्हती.

त्यांनी हेल्मेट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं, कारण कोपर दुखत होतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "डाव्यांचा ढीग दुपारी उन्हात होता. मी टेकले तर कोपर भाजलं. हे बघा, लाल झालंय. उजव्यांचा आत होता."

"मग?" साहेब म्हणाले. आणि लगेच, कोणी सांगायच्या आत, पहिलवानाकडे वळले. "हवा कधी बघितलीस?"

"जेवण झाल्यावर. डावे दोन चढलेले होते म्हणून सोडली. चारही सारखे केले, साहेब, अगदी केसाचा फरक नाही."

"चढलेले का होते ते विचारलं नाहीस?"

"काटा सारखा करायचा असतो, तुम्हीच शिकवलंत," पहिलवान म्हणाला. "का ते विचारायचं असतं हे नव्हतं शिकवलं."

साहेब गुडघ्यांवर बसले. माझ्या कडेवरचा खडू बघितला. तो पुसला जायचा तितका पुसला होता आणि त्याच्या खाली, कुशीपर्यंत, आणखी पुसला होता. मग गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. उजव्या भावाच्या रेघा जशाच्या तशा, फक्त टोकाला गेलेल्या. त्यांनी काटा मागितला, चौघे गरम असतानाच त्यांची हवा बघितली. डावे दोघे कमी. बरेच कमी. ते बराच वेळ उठले नाहीत. गुडघे दुखत होते की काय, कळलं नाही.

"उजवीकडे बसत होता," ते शेवटी म्हणाले.

"मी काय वेगळं म्हणाले?" ताई म्हणाल्या.

त्या दिवशी एक फेरी बाकी होती. पहिलवानाने आम्हा चौघांना एकाच सावलीत, एकाच रांगेत ठेवलं आणि स्वतः राखण करत बसला. सावली सरकली की आम्हालाही सरकवायचा. सगळे आम्ही गार व्हायची वाट बघू लागले. मी तर इतका गार झालो की शेजारच्या टायराला शिंक आली.

शेडच्या पायरीवर दोघी जावा चहा घेऊन बसल्या होत्या. नव्या हेल्मेटात बिस्किटं ठेवली होती.

"बोलली नसतीस तर गाडी तुझी होती," ताई म्हणाल्या.

"कोपर भाजलं होतं ताई. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं."

"तेव्हाच सांगायचंस."

"तेव्हा कोण ऐकणार? तुम्ही गाडीत, भाऊजी आकड्यांत, पहिलवान जेवणात."

"मी अर्धं जेवून उठलो होतो," पहिलवान आतून म्हणाला.

"त्या अर्ध्यानेच घोळ केला," ताई म्हणाल्या. मग जाऊबाईंचा हात ओढून घेतला, कोपर बघितलं, आणि चहा संपून गार झालेल्या कपाची कड त्यावर टेकवली. "दुखतं?"

"हो. तुमचा खांदा?"

ताईंनी बिस्किट उचललं. डाव्या हाताने. "दुखतो," त्या म्हणाल्या. घराबाहेर हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला असावा. घरात तर वापरलाच नव्हता.

संध्याकाळी पहिलवानाने हवा भरली, साहेबांनी स्वतः पुन्हा तपासली, आणि ताई निघाल्या. डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो. मी तळावर ताठ उभा होतो. शंकू एकही हलला नाही. फेरी संपली, ताई थांबल्या, स्टिअरिंगवर दोन बोटं वाजली. साहेबांच्या पडद्यावर आकडा आला आणि त्यांच्या चेहऱ्याची सगळी कातडी एकदम हलली. सकाळचा आकडा आणि हा, दोन्ही जुळ्या भावांसारखे.

"जुळला," ते म्हणाले. "खुर्ची तुझी."

ताई उतरल्या. उशी काखेत मारली. "खुर्ची माझीच होती," त्या म्हणाल्या. "पण शेवटच्या उजव्या वळणाला खांद्यातून अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे शंकू दोनाचे चार झाले. आकडा बरोबर आला म्हणून खांदा बरोबर झाला नाही."



"हा सेटही आता झिजला, नाही का?" त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली. "याच्या जागी नवा कंट्रोल आणणार आहात. तो कसा आणता?"

"एकाच दिवशी जुना आणि नवा, दोन्ही पळवतो," साहेब म्हणाले. "म्हणजे दोघांत फरक किती ते कळतं. नाहीतर जुन्या परीक्षा वाया जातात."

"मग मलाही तसंच बदला. चोरून डिकीत हेल्मेट ठेवून नाही. एकाच दिवशी, एकाच गाडीत, एकाच टायरांवर आम्ही दोघी. ती कुठे माझ्यासारखी आणि कुठे वेगळी, हे सगळ्यांना कळू दे. मी सोडते, पण मी सांगेन तेव्हा. हवेने सांगितलेलं मी ऐकत नाही."

तो दिवस आला. माझा तो कामाचा शेवटचा दिवस. जुने आम्ही आणि नवे चौघे, ताई आणि जाऊबाई, आळीपाळीने. जाऊबाई पहिल्याच फेरीत ताईंपेक्षा वेगात गेल्या. दुसऱ्या फेरीत त्याहून वेगात. तिसऱ्या फेरीत त्यांनी तीन शंकू पाडले आणि मग कोणी उचलायलाच नव्हतं, कारण उचलणारी गाडीत होती. शेवटी साहेब धावले.

"झकास झाली ना?" जाऊबाईंनी काच खाली करून विचारलं.

"वेगात झाली," ताई म्हणाल्या. "वेगात जाणारे बाहेर पुष्कळ आहेत. तू सारखी जा. काल गेलीस तशी आज, आज जाशील तशी उद्या. कंटाळा आला पाहिजे बघणाऱ्याला."

जाऊबाईंनी पुन्हा फेऱ्या मारल्या. सूर्य कलेपर्यंत मारल्या. साहेबांना खरंच जांभई आली, तेव्हा ताईंनी उशी गाडीत टाकली आणि म्हणाल्या, "हं. आता बस."

उशीने जाऊबाईंना फेकून दिलं नाही. मी लक्ष ठेवून होतो.

आता मी पटांगणाच्या कडेला, जुन्या टायरांच्या ढिगात वरच्या नंबरावर आहे. आमच्यावर बसून ताई परीक्षा बघतात. त्यांचं वजन मला ओळखीचं आहे. गाडीतून चार चाकांवर वाटलेलं यायचं, आता थेट येतं. काल साहेब दोन कप घेऊन आले, एक त्यांच्या डाव्या हातात दिला आणि शेजारच्या टायरावर बसले. पटांगणावर जाऊबाई फेऱ्या मारत होत्या, पडद्यावर आकडे येत असणार. साहेबांची पाठ पडद्याकडे होती.

"खांदा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"दुखतोय," ताई म्हणाल्या. "रात्री जास्त. अन् या कुशीवर झोपलं की."

"मग?"

मग त्या सांगत बसल्या. ते बरंच लांबलं, आणि त्यात माझ्यासारखी हवा भरलेली नव्हती, म्हणून मी काही इथे सांगत नाही.

तर मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरी सायकल असेल, स्कूटर असेल, गाडी असेल. तिच्या चाकांची हवा सकाळी बघा, ती कुठे जाऊन यायच्या आत, सावलीत. कुठलं चाक जास्त दिसलं तर सोडायच्या आधी विचारा, का जास्त आहे. आणि सगळी चाकं बघा. गाडी भिंतीला लावलेली असते, त्यामुळे एक बाजू नेहमी भिंतीकडे जाते. तिथे शिरायला अडचण होते, कपडे मळतात, म्हणून माणसं अलीकडचीच दोन बघतात आणि पलीकडचीही तशीच असतील असं धरून चालतात. तसं करू नका. थोडं वाका, हात घाला, आणि पलीकडच्याचीही बघा.